दुकान वाढवलं

पाय ह्यांचा मोडला आणि लंगडी मी झाले.

रत्नागिरीच्या बंदरात तेव्हा आगबोट लांब पाण्यात उभी राहायची. इथून पडाव जायचे आणि माणसं, ट्रंका, गाठोडी उतरवून आणायचे. आमचे हे त्या पडावावर खलाशी. एका उधाणाच्या दिवशी पडाव आणि बोट यांच्या मध्ये ह्यांचा पाय सापडला आणि घोट्याखाली त्याचा चेंदामेंदा झाला. जीव वाचला म्हणून जो तो "नशीब थोर" म्हणून गेला. नशीब कसलं डोंबलाचं! नशीब थोर असतं तर पाय दोन इंच इकडे पडला असता.

आम्ही भाट्याच्या खाडीपलीकडे थोरल्या दिरांच्या घरात राहायचो. दीर मुंबईत गिरगावात एका पेढीवर कारकून होते. घरात राज्य जाऊबाईंचं. ह्यांचा पाय गेला त्या दिवसापासून ह्यांचं पान ओटीवरून पडवीत गेलं, जिथे कुत्रा बसायचा तिथे. जाऊबाई मला म्हणायच्या, "खायला दोन तोंडं आणि राबायला एक बाई. धाकटे, हिशोब तूच कर." मी सगळ्यांना वाढून झाल्यावर बसायची. तोवर भाताची खरपुडी उरलेली असायची आणि कालवणात जाऊबाईंनी तांब्याभर पाणी ओतलेलं असायचं. माझ्या डोळ्यांदेखत ओतायच्या. लपवून ओतलं असतं तर मला एवढा राग आला नसता.

हे दिवसभर पडवीत पडून मला शिव्या द्यायचे. दादाला कधी नाही, वहिनीला कधी नाही. शिव्या द्यायला हक्काची मी होते.

धंद्याचं मला सुचलं ते बंदरावर. ह्यांच्या औषधासाठी मी शहरात जायची, तेव्हा तिथे गाठोडी पडलेली दिसायची. मुंबईचे चाकरमानी ओळखीच्या माणसाबरोबर घरी काहीबाही पाठवायचे. बायकोला लुगडं, आईला चहाची पूड, पोराला झबलं, एखादी कंदिलाची काच. ते ओळखीचं माणूस बंदरात उतरलं की त्याला स्वतःच्या घराची घाई. गाठोडं कुणाच्या तरी गळ्यात मारायचं आणि सुटायचं. मग ते पावसला जायच्या ऐवजी दुसरीकडेच जायचं, किंवा कुणीतरी गाठ सोडून चहा काढून घ्यायचा आणि वरून तशीच गाठ मारायचा. पावसच्या एका म्हातारीला तर मुलाने पाठवलेल्या लुगड्याऐवजी परक्याचं फाटकं धोतर मिळालं. तिने ते जपून ठेवलं होतं. मुलाची वस्तू समजून.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बंदरात बसा, गाठोडी उतरवून घ्या. मी घरोघर पोचवते. मुंबईला भावोजी गोळा करतील आणि बोटीवर चढवतील." ह्यांनी आधी मला चार शिव्या घातल्या. बायकोने टोपली घेऊन गावोगाव हिंडायचं आणि आपण पोत्यावर बसायचं! पण त्या दिवशी जाऊबाईंनी ह्यांच्या पानावर आदल्या दिवसाची पेज वाढली होती. आंबलेली. ती पेज माझ्या बाजूने बोलली.

भावोजी मे महिन्यात आले तेव्हा ह्यांनी विषय काढला. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं, निम्मा हिस्सा मागितला आणि हो म्हणाले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा म्हणजे देवमाणूस," असं हे मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

बंदरामागे मिठाच्या वखारीला टेकून आम्ही चार मेढी पुरल्या आणि वर माडाची झापं टाकली. विकायला आत काडी नव्हती, तरी आम्ही त्याला दुकान म्हणायचो. हे आत पोत्यावर बसायचे. मी डोक्यावर टोपली घेऊन तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची आणि गोळप, पावस करत पूर्णगडापर्यंत कातळ तुडवत जायची. येताना टोपलीत मुंबईला जायची गाठोडी असायची. सुके बांगडे, आमसुलं, कुळथाचं पीठ. बांगड्यांचा वास माझ्या केसांतून जाईना. तरीतले बाप्ये मला विचारायचे, "काय गो, आज कुणाचा घोव आणलास टोपलीतनं?" मी म्हणायची, "तुझ्याच बायकोने मागवलाय रे, नवा नवरा!" मग होडीतली सगळी हसायची आणि तो मेला पाण्याकडे बघत बसायचा. तोंड नसतं तर लोकांनी मला त्या खाडीतच बुडवलं असतं.

तुम्ही म्हणाल, टपाल होतं की तेव्हा. होतं. पण टपालाने वस्तू जाते, बोलणं जात नाही, आणि वाचता येणारं माणूस गावात एखादं. आमच्या गाठोड्याबरोबर तोंडी निरोप जायचा. चाकरमानी भावोजींना सांगायचा, भावोजी बोटीवरच्या खलाशाला, खलाशी आम्हाला आणि मी त्या दारात. ह्यांचा एकच नियम होता, आलेला निरोप जसाच्या तसा सांगायचा, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. त्या नियमावरच आमचं दुकान चाललं. लोकांना पटलं होतं की ही बाई फटकळ आहे, पण निरोपाला खोट आणत नाही.

त्या नियमापायी माझा एकदाच तळतळाट झाला.

पूर्णगडला किल्ल्याखाली एक कोळ्याचं घर होतं. मुलगा मुंबईला गोदीत कामाला आणि सून नुकतीच आलेली, अजून परकराची सवय न सुटलेली. त्या घरासाठी लहानसं गाठोडं आलं आणि बरोबर भावोजींचा निरोप, "हिला म्हणावं, बांगड्या वाढव."

आता आमच्या भाषेची गंमत बघा. गंमत कसली, खोडी म्हणा. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. कुंकू पुसलं जात नाही, वाढवलं जातं. संध्याकाळी दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. जे जे संपलं ते ते आम्ही वाढवलं! ज्याच्यावर बेततं त्याला मात्र सगळं बरोबर कळतं.

तिला कळलं नाही. ती दारात जाळं विणत बसली होती. मी निरोप सांगितला तशी ती लाजली, दोन्ही हात माझ्यापुढे धरलेन आणि म्हणाली, "आणखी? आताच हात भरलेत की मामी! किती घालू, त्यांनीच सांगितलंन काय?" आणि गाठोड्याकडे हात केलान. तिला वाटलं त्यात बांगड्या आहेत. त्यात त्याचा सदरा होता आणि गळ्यातला ताईत.

आत चुलीपाशी तिची सासू होती. तिला कळलं. तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारच्या बायका धावत आल्या आणि त्या पोरीला काही समजायच्या आत दोघींनी तिचे हात धरून दगडावर आपटले. ती तोवर हसतच होती. माझ्या तोंडाकडे बघून हसत होती, कारण तिला वाटलं ही काहीतरी थट्टा चाललीय. मी तशीच मागे फिरले आणि पावसपर्यंत कुठेही टेकले नाही. माझी जीभ का झडली नाही, असं मला वाटेत सारखं वाटत होतं.

पुढे भावोजी आले तेव्हा मी पदर पुढे ओढून दाराआडून विचारलं, की असला निरोप कशाला पाठवलात, सरळ का नाही सांगितलंत? ते उलट खूश झाले. म्हणाले, "अगदी जपून शब्द निवडला होता मी. मरणाचं नाव न काढता सगळं सांगून झालं. असा शब्द सुचायला डोकं लागतं." हे म्हणाले, "दादाला भाषा येते." भाषा येते, हे मात्र मी लक्षात ठेवलं.

धंदा चालला. पहिल्या मोसमानंतर आम्ही जाऊबाईंचं घर सोडलं आणि झापाखालीच तीन दगड मांडून चूल केली. त्या दिवशी मी आधी जेवले. ह्यांच्या आधी! ताजा भात आणि मुडदुशा मासळीचं घट्ट कालवण, पाण्याचा थेंब वरून न घातलेलं. हे बघत राहिले आणि चक्क हसले. पाय मोडल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. शिव्या कमी झाल्या. येणारे जाणारे ह्यांना "शेटजी" म्हणायचे, थट्टेने का होईना. मला दुसरं काही नको होतं. एवढं दुकान टिकावं आणि परत जाऊबाईंच्या चुलीपाशी जायची पाळी येऊ नये, एवढंच मागणं मी रोज वाटेवरच्या प्रत्येक देवळाला सांगायची.

मग हर्ण्याची माणसं विचारू लागली. तिकडे बोट थांबायचीच. हेदवीकडच्या एका बाईने तर बंदरावर माझा हात धरला, "आमच्याकडंही येत जा गो. आमची माणसं मुंबईत नाहीत काय?" हर्ण्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव पुकारणारा एक इमानी म्हातारा ह्यांच्या ओळखीचा होता. तो तिथे बसायला तयार झाला. भावोजींनी मुंबईला तिकडची गाठोडी घ्यायला सुरुवात केली की झालं.

ह्यांनी खलाशाला निरोप दिला, "दादाला सांग, दुकान वाढवतोय. हर्ण्याला लिलाव पुकारणारा म्हातारा बसवतोय, इमानी आहे. तिकडची गाठोडी घ्यायला लाग."

मी खलाशाला हाताने थांबवलं. मी म्हटलं, "वाढवतोय नको. मोठं करतोय म्हणा."

"का गो?"

"नको म्हटलं ना."

हे खवळले. "वाढवतोय म्हणजे वाढवतोय! दादाला मराठी कळत नाही होय? जास्त शहाणपणा करू नकोस." खलाशी निरोप घेऊन गेला.

पुढच्या बोटीने आमच्यासाठी एकही गाठोडं आलं नाही. ह्यांनी म्हटलं, दादा आजारी असेल. त्याच्या पुढच्या बोटीलाही नाही. पण पडावातून गाठोडी उतरत होती, माझ्या डोळ्यांसमोर, आणि ती चालली होती एका बड्या व्यापाऱ्याच्या सर्व्हिस मोटारीवर. मोटारी तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. टपावर गाठोडी बांधत होते आणि मी नेहमी पोचवायची ती पावसच्या म्हातारीची निळ्या फडक्यातली पुरचुंडी सगळ्यात खाली दाबली होती.

मी त्या खलाशाची कॉलर धरली, भर बंदरात. "काय सांगितलंस रे मुडद्या?"

तो बिचारा घाबरला. "देवाशप्पथ, जसंच्या तसं सांगितलं. वाढवतोय म्हटलं, हर्ण्याचंही म्हटलं. त्यांनी माझ्याकडनं पुन्हा वदवून घेतलान. मग हसले आणि म्हणाले, बरं झालं, मी मोकळा."

मी झापाखाली आले आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्यावर काठी फेकून मारली. "दादाचा गैरसमज झाला असेल! तो येईल आणि नीट करील." गैरसमज! ज्या माणसाने मरणाला शब्द शोधून काढला त्याचा एवढ्याशा शब्दाने गैरसमज!

मोसमातल्या शेवटच्या बोटीने भावोजी आले. एकटे नाही. मोटारवाला व्यापारी पाहुणा म्हणून बरोबर होता. भावोजींनी पेढीवरची कारकुनी सोडली होती आणि ते त्याचे मुंबईचे एजंट झाले होते. अंगात नवा कोट, पायात करकरणारे बूट. आमच्या झापाखाली तेव्हा खायला काही उरलं नव्हतं. हे मला न विचारता काठी टेकत टेकत तरीवर गेले आणि दादाच्या दारात जाऊन बसले. मागोमाग टोपली घेऊन मी. जाऊबाई ओटीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "आलात? बरं झालं. लावणीला बाई मिळत नाही यंदा."

गावची चार माणसं जमली होती. ह्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, असं कसं झालं रे?"

भावोजींनी दोन्ही हात पसरले. "मला निरोप आला, दुकान वाढवलं. मी म्हटलं, दमला असेल माझा भाऊ. पायाने अधू. त्याला कशाला त्रास द्यायचा? म्हणून ह्या शेटजींना दिलं काम. आता तुम्हीच दुकान वाढवलंत तर मी काय करणार?"

माणसं हसली. हसून हसून एकाला खोकला लागला. "लंगड्याने दुकान वाढवलं!" असं तो दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला. हेही हसले. ओशाळं, कसनुसं, पण हसले. मी दाराआडून बघत होते. ते हसणं बघण्यापेक्षा त्या उधाणात ह्यांचा जीव गेला असता तर बरं, असं मनात आलं. आलं ते आलं.

दुपारी पानं मांडली. पाहुण्यांसाठी सुरमईचं कालवण केलं होतं, मीच केलं होतं, जाऊबाईंनी फक्त मीठ बघितलं. ओटीवर पाटावर भावोजी, शेजारी व्यापारी, पलीकडे गावकरी आणि पार टोकाला पडवीच्या दाराशी हे, मोडका पाय लांब करून. जाऊबाईंनी कालवणाचं मडकं माझ्या हातात दिलं. "आधी पाहुण्यांना. तुझ्या शेटजीला शेवटी, उरलं तर."

मी मडकं घेऊन उभी राहिले. भावोजी व्यापाऱ्याला सांगत होते, "पुढच्या मोसमाला हर्ण्याला माणूस बसवायचा. तिथे लिलाव पुकारणारा एक म्हातारा आहे, इमानी आहे म्हणतात. मग हेदवीपर्यंत आपलीच गाठोडी."

तो म्हातारासुद्धा! त्याचं इमानसुद्धा आमच्याच निरोपातून घेतलं होतं!

भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाढ गो आता. उभी काय राहिलीस?"

मी मडकं डोक्याइतकं वर उचललं आणि उंबरठ्याच्या दगडावर घातलं. कालवण व्यापाऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर, भावोजींच्या तोंडावर, भिंतीवर उडालं. सुरमईचा एक तुकडा भावोजींच्या पाटाखाली गेला.

"अगो ए, भवाने!" ते उठून किंचाळले. "वाढ म्हटलं मी! वाढव नाही म्हटलं! एका अक्षराचा फरक कळत नाही तुला?"

मी डोक्यावरचा पदर मागे टाकला. त्या घरात मी थोरल्या दिराकडे सरळ बघून कधी बोलले नव्हते. "मला कळतो, भावोजी. आमच्या निरोपात 'वाढवतोय' होतं, 'वाढवलं' नव्हतं. तुम्हाला नाही कळला?"

कुणी हसलं नाही. व्यापारी धोतर झटकायचा थांबला आणि भावोजींकडे बघू लागला. भावोजींच्या मिशीवरून कालवण ठिबकत होतं आणि त्यांना बोलायला शब्द सापडत नव्हता. शब्दांचे एवढे दर्दी! माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात गोड दृश्य आहे. अजून डोळे मिटले की दिसतं.

तेवढ्यात पडवीच्या दाराशी काठी आपटली.

"पाया पड दादाच्या," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. ह्यांच्यासाठीच बोलले होते ना मी?

"बघतेस काय? पाया पड! तुझ्या तोंडापायी मी उद्या कुठं खाऊ? आहेत काय मला दोन पाय, दुसरीकडं जायला?" ह्यांचा आवाज चिरकला होता. डोळे माझ्याकडे नव्हते, समोरच्या रिकाम्या पानाकडे होते.

मी पदर डोक्यावरून घेतला. सांडलेल्या कालवणातून, खापऱ्यांवरून चालत गेले आणि वाकले. करकरीत बुटांतून काढलेले ते गोरे, धडके पाय माझ्या कपाळाला लागले. भावोजींनी तोंड पुसलं. त्यांना शब्द सापडला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवलान आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले,

"सौभाग्य वाढो तुझं."

आशीर्वादच तो. कुणी काय बोलणार? आधी व्यापाऱ्याला कळलं आणि तो फस्सकन हसला. मग गावकरी हसले, मग आतून जाऊबाई. मला पूर्णगडची ती पोर दिसली, दोन्ही हात पुढे धरून हसणारी. माझा हात आपोआप बांगड्यांवर गेला.

"बघ," हे म्हणाले, "आशीर्वाद दिलान. किती मोठं मन आहे दादाचं." ह्यांना कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, ते मी पुढच्या सगळ्या वर्षांत कधी विचारलं नाही.

मी खापऱ्या वेचल्या, शेणाने जमीन सारवून घेतली आणि भाताचं पातेलं उचललं. पाहुण्यांपासून सुरुवात केली. कुणी नको म्हणालं नाही, सगळ्यांनी कालवणाच्या वाटचाही भातच मागून घेतला. ह्यांच्या पानाशी पोचले तेव्हा पातेलं रिकामं होतं.